मुदतीतला चार्जर

तहसील कचेरीत नाझर म्हणून ज्याने काही वर्षे काढली आहेत, त्यास जगातील यच्चयावत वस्तूंकडे पाहण्याची एक निराळीच दृष्टी प्राप्त होते. इतर लोक खुर्चीकडे पाहतात तेव्हा ती बसावयास कशी आहे, हा विचार त्यांच्या मनात येतो. नाझराची नजर प्रथम तिच्या पाठीमागे रंगाने घातलेल्या क्रमांकाकडे जाते, आणि तो क्रमांक जडवस्तू संग्रह नोंदवहीतील क्रमांकाशी जुळला म्हणजे ती खुर्ची तीन पायांवर उभी असली तरी त्याच्या जिवास स्वस्थता लाभते. कार्यभारासोबत जी नोंदवही माझ्या स्वाधीन झाली, तिच्या आरंभीच्या पानांवर सागवानी मेजे, लोखंडी पेट्या, मोजणीच्या साखळ्या, पितळी कुलुपे आणि कंदील असा सारा सरंजाम कोणा पूर्वसूरीच्या घोटीव अक्षरात मांडलेला होता, आणि त्यातील प्रत्येक वस्तू, ती कितीही क्षुद्र असो, स्वतःची अशी एक ओळ व्यापून बसली होती. शेवटच्या पानांवर, जेथे संगणक, प्रिंटर आणि लॅपटॉप यांचा प्रवेश होतो, तेथे मात्र ही शिस्त काहीशी सैल झालेली दिसे. आणि त्या सैलपणाची किंमत काय असते, हे मला एका चार्जरने शिकवले.

तलाठ्याचे दप्तर जोवर कापडी बस्त्यात होते, तोवर शाई संपली तर शेजारच्या शाळेतून दौत मागून आणता येत असे. ई-फेरफार प्रणाली आल्यानंतर सारी व्यवस्था पालटली. खरेदीखताची वर्दी आली की फेरफाराची नोंद संगणकावर धरावयाची, हितसंबंधितांस नोटिसा काढावयाच्या, महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० प्रमाणे हरकतीची १५ दिवसांची मुदत सरू द्यावयाची, मग मंडळ अधिकाऱ्याने स्वतःच्या डिजिटल स्वाक्षरीनिशी ती नोंद प्रमाणित करावयाची, आणि तदनंतर सातबारावर तिचा अंमल व्हावयाचा, असा हा क्रम असून त्यातील प्रत्येक पायरी यंत्रावरच चढावी लागते. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा लोकांस मिळू लागला, तेव्हापासून तर गावोगावच्या खातेदारास ‘भाऊसाहेबांचा लॅपटॉप’ ही चीज चावडीइतकीच परिचित झाली. शासनाने अलीकडे तलाठ्याचे नामाभिधान ग्राम महसूल अधिकारी असे केले आहे. तथापि गावात कोणी ते नाव घेत नाही, आणि मीही येथे जुन्याच नावाने चालणार आहे. मुद्दा एवढाच की लॅपटॉपची बॅटरी दोन पावसाळे पाहिल्यावर अर्ध्या तासातच मान टाकते, आणि मग एका सबंध सज्जाचा महसुली कारभार हातभर वायरीच्या टोकाशी असलेल्या एका काळ्या ठोकळ्यावर येऊन ठेपतो.

आमचा तालुका सह्याद्रीच्या पूर्व उतारावरचा. जून महिना तेथे दोन प्रकारची घाई घेऊन येतो: आभाळाची आणि पीककर्जाची. सोसायटीला आणि बँकेला चालू सातबारा हवा असतो, वारसाची नोंद राहून गेलेली असते, बोजा उतरलेला असूनही इतर हक्कांच्या रकान्यात तसाच दिसत असतो, आणि ही सगळी निकड एकाच पंधरवड्यात तलाठ्याच्या दारी येऊन उभी राहते. अशा दिवसांत नदीकाठच्या एका सज्जाचे तलाठी रेनकोट झटकीत माझ्या मेजापाशी आले आणि प्लास्टिकच्या पिशवीतून चार्जर काढून त्यांनी तो माझ्यापुढे ठेवला. “नाझरसाहेब, दिवा लागतोय, पण चार्जिंगच होईना हो,” एवढेच ते म्हणाले; परंतु त्यांच्या मुद्रेवरून दाराशी किती खातेदार सोडून ते आले असावेत, याचा अदमास येत होता.

दिवा खरोखरच लागत होता. ठोकळ्याच्या कडेला असलेला तो हिरवा ठिपका इतका निर्मळ आणि निश्चिंत दिसे की त्याच्याकडे पाहून कोणीही चार्जरची निर्दोष मुक्तता केली असती. लॅपटॉप त्यास जोडला की मात्र पडद्यावर अशा आशयाची सूचना उमटे की जोडलेल्या अ‍ॅडाप्टरची ओळख पटत नाही, बॅटरी भरली जाणार नाही, यंत्र मंद गतीने चालेल. आणि ते खरोखरच इतके मंद चाले की सातबाराचे एक पान उघडेपर्यंत चहा गार व्हावा. कचेरीच्या इन्व्हर्टरची देखभाल करणारा वायरमन त्या दिवशी योगायोगाने आलेला होता. त्याने मीटरची एक सुई पिनेच्या पोकळ नळीच्या आत आणि दुसरी बाहेरून टेकवली. आकडा आला १९.५. ठोकळ्याच्या पोटावरही १९.५ व्होल्ट, ३.३४ अँपिअर असेच छापलेले होते. म्हणजे ६५ वॅटचा चार्जर आपले काम चोख बजावीत आहे, दोष असल्यास लॅपटॉपचा, असा त्याचा निर्णय पडला. मी शेजारच्या सज्जाच्या तलाठ्यांस त्यांचा चार्जर मागितला. त्याच खरेदीतला, त्याच बनावटीचा. तो जोडताच पडद्यावरील सूचना गेली आणि बॅटरी चढू लागली. आजारी चार्जर निरोगी लॅपटॉपला जोडून पाहिला, तर तेथेही तीच सूचना. याहून स्वच्छ पुरावा न्यायालयातही क्वचित मिळतो.

ह्या ठोकळ्याच्या अंतरंगाविषयी मला पूर्वी कधी कुतूहल वाटले नव्हते; ते ह्या निमित्ताने वाटले. भिंतीतून येणारी २३० व्होल्टची प्रत्यावर्ती वीज प्रथम सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास एकदिश करावयाची, तिचे सेकंदाला हजारो वेळा तुकडे पाडावयाचे, ते तुकडे एका लहानशा रोहित्रातून उतरवावयाचे आणि दुसऱ्या बाजूस पुन्हा सांधून १९.५ व्होल्टचा शांत प्रवाह बाहेर सोडावयाचा, एवढा उद्योग तळहातावर मावणाऱ्या त्या डबीत अहोरात्र चाललेला असतो. तुकडे इतक्या वेगाने पाडले जातात म्हणूनच आतले रोहित्र लहान असू शकते. जुन्या पद्धतीचे, ५० आवर्तनांवर चालणारे रोहित्र तेवढ्याच शक्तीसाठी वापरावयाचे म्हटले तर तलाठ्यास किलो-दीड किलोचे लोढणे पाठीवर घेऊन फिरावे लागले असते. परंतु आमचा दोष ह्या मोठ्या यंत्रणेत नव्हताच. काही कंपन्यांच्या चार्जरमध्ये पिनेच्या मधोमध एक बारीक सुई असते, आणि तिच्यातून वीज नव्हे तर ओळख वाहते: चार्जरमध्ये बसवलेली एक चिमुकली स्मृतिचकती लॅपटॉपला सांगते की मी अमुक इतक्या वॅटचा आहे. ही साक्ष मिळाली नाही तर लॅपटॉप सावध होतो आणि बॅटरी भरण्याचे नाकारतो. त्या सुईकडे जाणारी तार सगळ्यांत नाजूक. ती आतल्या आत तुटली तर वीज येत राहते, दिवा जळत राहतो, आणि काम होत नाही.

ती तार का तुटते, याचे उत्तर तलाठ्याच्या बॅगेत पाहावयास मिळते. सज्जा तीन-चार गावांचा, आज चावडी, उद्या शिबिर, परवा तालुक्याची बैठक. दर वेळी चार्जर काढावयाचा आणि घाईने गुंडाळावयाचा. पोरे भोवऱ्याला जाळी गुंडाळतात त्या आवेशाने बहुतेक मंडळी वायर ठोकळ्याभोवती आवळतात, आणि जेथे वायर ठोकळ्यातून बाहेर पडते व जेथे ती पिनेत शिरते, त्या दोन मानांवर सगळा ताण येतो. हे मी कोणास दोष देण्यासाठी लिहीत नाही. जी वस्तू फिरतीवर न्यावयाची म्हणूनच विकली जाते, ती फिरवल्याने तुटू नये, ही अपेक्षा मला तरी अवाजवी वाटत नाही.

लॅपटॉपची खरेदी जिल्हा स्तरावर जेम पोर्टलवरून झालेली होती आणि करारात तीन वर्षांची जागेवर सेवा देण्याची हमी होती. मुदत सरावयास अद्याप अवकाश होता. सबब मी कंपनीच्या टोल-फ्री क्रमांकावर दूरध्वनी केला. त्या क्रमांकावर जे संगीत वाजते, त्याविषयी एकदा कोणी तरी स्वतंत्र निबंध लिहावा. मी एवढेच म्हणेन की शासकीय कचेरीत माणसाला बाकावर बसवून ठेवण्याची जी कला आम्ही पिढ्यानुपिढ्या जोपासली, तिच्यात निदान पंखा तरी असे. यथावकाश पलीकडून एका मुलीचा अत्यंत विनयशील हिंदी स्वर आला. तिने लॅपटॉपचा क्रमांक एकेक अक्षर उच्चारून घेतला, हमी शाबूत असल्याची ग्वाही दिली, आणि मग तिच्या पुढ्यातील प्रश्नावलीप्रमाणे मला यंत्र बंद करावयास, चार्जर काढावयास, चालू करण्याचे बटण दाबून धरावयास आणि पुन्हा सर्व जोडावयास सांगितले. दिवा जळतो आहे असे मी म्हणताच चार्जर ठीक आहे असे ती म्हणाली. दुसरा चार्जर चालतो असे मी म्हणताच ती क्षणभर थांबली, आणि मग तिने अत्यंत रास्त असा प्रश्न विचारला: चार्जरचा क्रमांक काय?

चार्जरला स्वतःचा क्रमांक असतो, ही गोष्ट आमच्या कचेरीस सर्वस्वी नवीन होती. ठोकळ्याच्या पोटावरील छापील मजकुरात भारतीय मानक ब्यूरोची खूण, आय.एस. १३२५२ हा मानकाचा आकडा, ‘आर’ ह्या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आणि त्याच्या खाली, बारकोडच्या पायाशी, वाळूच्या कणांएवढ्या अक्षरांत तो क्रमांक होता. तो वाचण्यासाठी नकाशे पाहण्याचे भिंग आणावे लागले. क्रमांक सांगितल्यावर पलीकडे बोटे कळफलकावर चालल्याचा आवाज आला, आणि मग त्याच विनयाने मला कळवण्यात आले की सदरहू चार्जर सदरहू लॅपटॉपसोबत दिला गेलेला नाही. सबब तक्रार ह्या स्थितीत दाखल होऊ शकत नाही.

मी नोंदवही उघडली. प्रत्येक लॅपटॉपचा क्रमांक तेथे बिनचूक लिहिलेला होता आणि पुढे, एकाच ओळीत, ‘चार्जर, बॅग व माउस यांसह’ एवढा मजकूर होता. ज्या दिवशी ही खोकी फोडली गेली त्या दिवशी कोणता चार्जर कोणत्या यंत्रासोबत निघाला, हे खोक्यांनाच ठाऊक. आणि तेव्हापासून बैठकांत, शिबिरांत, निवडणुकीच्या प्रशिक्षणात, ज्याला जो हाताशी आला तो त्याने उचलला होता. शिवाय मौज अशी की ज्या अदलाबदलीने मी दोष सिद्ध केला होता, तसल्याच अदलाबदलींनी गेली दोन वर्षे तालुक्यातील चार्जरांची कुळी पुसून टाकली होती. एकाचा बिघडला असे वाटले की दुसऱ्याचा लावून पाहावयाचा, आणि परत करताना जो हाती येईल तो परत करावयाचा.

वस्तू बिघडली आहे हे सिद्ध करणे फारसे कठीण नसते. बिघडलेली वस्तू तीच आहे, हे सिद्ध करण्यातच माणसाचा जीव मेटाकुटीस येतो. ज्याची हयात सातबाराच्या सहवासात गेली, त्यास ह्यात नवल वाटण्याचे कारण नाही. शेत कोण कसतो हे गावातले शेंबडे पोरही सांगते, तरी नाव वेगळ्याचे असले की त्या शेतावर कर्ज मिळत नाही. आम्ही स्वतः आमच्या दाराशी येणाऱ्यास हेच ऐकवत आलो आहोत, आणि तेही त्या मुलीइतक्या गोड शब्दांत नव्हे. म्हणून तिचा राग मला आला नाही. कंपनीच्या दप्तरी नोंद होती, आमच्या दप्तरी नव्हती, आणि नोंदीचा महिमा गाणाऱ्या खात्याने नोंद नसल्याची तक्रार करावी, हे मला प्रशस्त वाटेना.

मी तालुक्यातील सर्व तलाठ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहावर ताकीद टाकली की प्रत्येकाने आपापल्या चार्जरच्या पोटाचे छायाचित्र काढून पाठवावे. पुढचे काही दिवस जी छायाचित्रे आली, त्यांतून मला माझ्या सहकाऱ्यांविषयी जे कळले ते सेवापुस्तकांतून कधी कळले नसते. कोणी व्हाइटनरने आपले आडनाव लिहिले होते, कोणी नखांच्या लाल रंगाने ठिपका दिला होता, एकाने गावाचे नाव घातले होते, आणि ते गाव त्यांच्या सज्जात नव्हतेच. कित्येकांच्या ठोकळ्यावरची अक्षरे उष्णतेने आणि घामाने पुसट होऊन गेलेली. एका सद्गृहस्थांनी छायाचित्र पाठवण्याचे टाळले. तीन वेळा तगादा केल्यावर ते स्वतः आले आणि दार लोटून घेऊन हलक्या आवाजात म्हणाले, “नाझरसाहेब, ओरिजनल उंदरानं कुरतडला. पगारातनं वसुली लागेल म्हणून बाजारातनं घेतला.” काही शे रुपयांत आणलेला तो चार्जर त्यांनी मेजावर ठेवला. वजनाला तो निम्मा भरेल. त्यावर ६५ वॅट असे मोठ्या अक्षरांत छापलेले होते, परंतु मानक ब्यूरोची खूण नव्हती की नोंदणीचा ‘आर’ क्रमांक नव्हता. सक्तीच्या नोंदणीच्या आदेशानुसार असली उपकरणे नोंदणीवाचून विकताच येत नाहीत. तरी बसस्टँडसमोरच्या दुकानात ती टोपलीभर मिळतात. भिंतीतल्या २३० व्होल्टांत आणि लॅपटॉपवर टेकलेल्या मनगटात जे अंतर राखावयाचे, ते त्या हलक्या डबीत कितपत राखले होते, कोण जाणे. वसुलीच्या धास्तीने माणसे सरकारी यंत्राला आणि स्वतःच्या जिवाला काय काय लावून घेतात, ह्याचा हा नमुना पाहून मला खरोखर खिन्नता वाटली. उंदराने कुरतडलेली वायर ही हमीत बसत नाही, हे खरे. परंतु ती कळवली असती तर पंचनामा करून, टिपणी चढवून, नवा चार्जर कार्यालयीन खर्चातून घेता आला असता. आमच्याच कचेरीची भीती कंपनीच्या नियमांहून मोठी ठरली होती.

मधल्या काळात बारनिशीच्या कारकुनाने सरळ ग्राहक आयोगात जाण्याचा सल्ला दिला. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा त्याने नुकताच परीक्षेसाठी वाचलेला होता, आणि पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीस शुल्क लागत नाही, दोन वर्षांत तक्रार करता येते, वस्तू प्रयोगशाळेत तपासून घेण्याचीही तजवीज आहे, हे सारे त्यास मुखोद्गत होते. त्याचे म्हणणे खोटे नव्हते, आणि एकट्या गृहस्थाचा प्रश्न असता तर मीही त्यास १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक प्रथम फिरवावयास सांगितला असता. परंतु पेरणी आयोगाच्या तारखेसाठी थांबत नाही. माझ्यापुढे जमा झालेली यादी पुरेशी होती. ती सहीशिक्क्यानिशी ईमेलने कंपनीकडे गेली आणि जे निष्पन्न झाले ते असे: आजारी चार्जर हा डोंगरापलीकडील एका सज्जाच्या लॅपटॉपसोबत आलेला होता. तो लॅपटॉप ठणठणीत होता. आता तक्रार दाखल व्हावयाची तर ती ह्या निरोगी यंत्राच्या नावाने, आणि इंजिनीअर आल्यावर ते यंत्र समक्ष हजर असले पाहिजे. ज्याचे काही बिघडलेले नाही त्यास फिर्यादी म्हणून उभे करावयाचे आणि ज्याचे बिघडले आहे त्याने बाजूस बसावयाचे, असा हा प्रकार होता. परंतु कागदोपत्री तोच एक मार्ग सरळ होता. केस नंबर मिळाला. इंजिनीअर मात्र प्रथम जिल्ह्याच्या कचेरीत जाऊन तेथून हात हलवीत परतला, कारण खरेदी जिल्ह्याची असल्याने कंपनीकडे पत्ता तेथलाच होता.

अखेर तो आमच्याकडे आला: पंचविशीतला तरुण, मोटारसायकलवरून भिजलेला, पाठीवरच्या बॅगेत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला नवा चार्जर. डोंगरापलीकडचे तलाठी आपला धडधाकट लॅपटॉप घेऊन सकाळपासून येऊन बसले होते. त्याने त्या यंत्राच्या पडद्यावरील क्रमांकाचे छायाचित्र घेतले, मग जुना चार्जर हाती घेऊन वायर पहिल्या टोकापासून शेवटपर्यंत अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीतून सावकाश ओढली. कोठे काप नाही, चिरडल्याची खूण नाही, भाजल्याचा वास नाही. पिनेजवळच्या मानेपाशी त्याची बोटे थांबली. तेथे त्याने वायर किंचित वाकवून धरली, तशी पडद्यावरील सूचना नाहीशी झाली. सोडली, तशी परत आली. “आतून गेलीय सर. बाहेरून क्लीन आहे,” तो म्हणाला.

तेथे एक नाजूक प्रश्न होता. आतून तुटलेली तार हा उत्पादनाचा दोष की वापराने आलेली झीज? हमीपत्रात भौतिक हानी वगळलेली असते, आणि ताणाने तुटलेली तार ही भौतिक हानी नव्हे असे कोणता कायदेपंडित छातीठोक सांगेल? त्या तरुणाने मनात आणले असते तर एक वाक्य लिहून तो निघून गेला असता आणि आमच्याकडे बोलावयास जागा उरली नसती. त्याने मोबाइलवरील रकान्यात ‘बाह्य हानी नाही, अ‍ॅडाप्टर ओळखला जात नाही’ अशा अर्थाचा इंग्रजी शेरा घातला आणि नवा चार्जर फोडला. हमीचा करार जिल्ह्याच्या आणि कंपनीच्या मोठमोठ्या सह्यांनी झालेला असतो; तो पाळला गेला की नाही, हे मात्र एका भिजलेल्या मुलाच्या चिमटीने ठरवले. आमच्या खात्यातही मंत्रालयाच्या परिपत्रकाचे शेवटी काय होते ते कोतवालाच्या हाती असते, तेव्हा मला ही व्यवस्था अपरिचित वाटली नाही. फक्त अशा माणसाला त्याच्या वरचे लोक किती मोकळीक देतात, ह्यावर सर्व अवलंबून राहते.

नवा चार्जर चालला. इंजिनीअरने जुना बॅगेत घालण्यासाठी उचलला, आणि मी त्याचा हात धरला.

त्यास ते विचित्र वाटले असावे. परंतु नाझराच्या दृष्टीने संग्रहातील वस्तू निर्लेखनाचा आदेश झाल्यावाचून कचेरीच्या उंबऱ्याबाहेर जाऊच शकत नाही, मग ती निकामी असो की नसो. तोही अडला होता. बिघडलेला पार्ट गोदामात परत गेला नाही तर त्याची किंमत एजन्सीच्या, आणि फिरून त्याच्या, नावावर पडते, असे त्याने सांगितले, आणि त्याच्या चेहऱ्यावरून ते खरे वाटले. एका बाजूस कंपनीचा नियम की जुने द्याल तर नवे मिळेल, दुसऱ्या बाजूस शासनाचा नियम की जुने देता येणार नाही. आणि दोघांच्या मध्ये मेजावर, आपला हिरवा दिवा मालवून, तो चार्जर पडलेला. मी इंजिनीअरला चहा सांगितला आणि तेवढ्यात टिपणी लिहिली: सदर वस्तूचे निर्लेखन होत नसून हमीच्या शर्तींप्रमाणे समान वस्तूशी विनिमय होत आहे, संग्रहातील नगसंख्येत फरक पडत नाही, सबब कंपनीच्या प्रतिनिधीची पोच घेऊन जुनी वस्तू सुपूर्द करण्यास मान्यता असावी. तहसीलदार मॅडम बैठकीत होत्या. त्यांनी टिपणी उभ्या उभ्या वाचली, “हे आधीच का नाही ठरलं?” असे विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता सही केली. इंजिनीअरने पोच लिहून दिली. तीत दोन्ही चार्जरांचे क्रमांक मी त्याच्याकडूनच, त्याच्याच अक्षरात, भिंगाखाली धरून लिहवून घेतले.

जाताना तो दारात घुटमळला. कंपनीचा फोन येईल, म्हणाला, दहापैकी गुण विचारतील. नऊच्या खाली दिलेत तर ते नापासच धरतात. ज्या खात्यात गोपनीय अहवालात ‘ब अधिक’ मिळाला तरी माणूस घरी पेढे नेतो, त्या खात्यातल्या मनुष्यास दहापैकी दहा देणे म्हणजे शीलभ्रष्ट होण्यासारखेच. फोन दुसऱ्या दिवशी आला. यंत्राचाच स्वर होता. मी दहा दिले. पुढे ‘आमच्या सेवेबद्दल काही सूचना’ असे विचारण्यात आले तेव्हा मी चार्जरच्या पोटावरची अक्षरे मोठी करावीत अशी सूचना मराठीत सविस्तर सांगू लागलो, आणि मध्येच तो स्वर आभार मानून निघून गेला.

बदलून मिळालेल्या चार्जरची हमी मूळ लॅपटॉपच्या उरलेल्या मुदतीपुरतीच होती, म्हणजे काही महिन्यांची. नदीकाठच्या तलाठ्यांनी तो आपल्याकडेच मागितला. परंतु कागदोपत्री तो डोंगरापलीकडचा असल्याने मी सर्वांनाच एकदा तालुक्यास बोलावले आणि यादीप्रमाणे प्रत्येक चार्जर त्याच्या जन्माच्या लॅपटॉपशी पुन्हा जोडून दिला. ह्या उठाठेवीचा बऱ्याच जणांस कंटाळा आला आणि तो त्यांनी लपवला नाही. उंदराच्या प्रकरणी पंचनामा झाला, कुरतडलेला चार्जर पोत्यातून बाहेर निघाला, वसुलीचा प्रश्न उद्भवला नाही. बाजारातला चार्जर त्यांचा खाजगी असल्याने मी तो त्यांस परत केला आणि कचेरीत लावण्यास मनाई केली. नोंदवहीत लॅपटॉपच्या ओळींपुढे तांबड्या शाईने एक रकाना आखून त्यात चार्जरांचे क्रमांक मी स्वतः लिहिले.

पुढील वर्षी लेखापरीक्षणाचे पथक आले. त्यातील एका ज्येष्ठ परीक्षकाने जडवस्तू संग्रह नोंदवही मागवली आणि तांबड्या शाईचा रकाना पाहून चष्मा वर सरकवला. मी त्यांस सर्व हकिकत सांगितली, पोच दाखवली, टिपणी दाखवली, मॅडमची सही दाखवली. त्यांनी तीन-चार चार्जर मागवून क्रमांक स्वतः ताडून पाहिले, प्रत्येकापुढे हिरव्या पेन्सिलीने खूण केली, “उत्तम ठेवलंय,” असे म्हणाले, आणि मग त्याच ओळीवर बोट ठेवून बॅगा आणि माउस कोठे आहेत, ते आणून दाखवावयास सांगितले.